ग्लिसरीन नुसतं लावू नका

"वहिनी, बाटली कमी भरलीय हो." दिवाळी उलटली की हे वाक्य आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. गिऱ्हाइकाने शंभर ग्रॅम ग्लिसरीन मागितलेलं असतं. बाटली उजेडात धरून, खोकल्याच्या औषधाच्या शंभर मिलीच्या बाटलीशेजारी ठेवून पाहिलं तर खरंच कमी दिसतं. फसवणूक काही नसते. ग्लिसरीन पाण्याच्या सव्वापट जड, म्हणून शंभर ग्रॅम जेमतेम ऐंशी मिली भरतं. मी हे सांगते, समोरचा अर्धवट पटल्यासारखी मान हलवतो, आणि मग खरा प्रश्न येतो: "लावायचं कसं?"

याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी आजवर तोंडाला साबण आणि तेल यापलीकडे काही लावलं नाही त्यांच्यासाठी, आणि इंदुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठीही.

दुसऱ्या गटातली एक मुलगी मागच्या हिवाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने आली. रत्नागिरीची. नोकरी दिवसभर एसीत. महिनाभरात तिच्या गालांवर पांढुरकी पापुद्री दिसायला लागली. एक दिवस ती चेहऱ्याला लावायच्या हायल्युरॉनिक सीरमची, म्हणजे पातळ द्रवाची, बाटली घेऊनच दुकानात आली. "काकू, हे लावलं की तासाभराने चेहरा आणखीच ताणतो."

"लावतेस कधी?"

"ऑफिसला पोचल्यावर. तोंड धुते, नीट कोरडं पुसते, मग लावते."

"आणि वरून?"

"वरून काही नाही. तेलकट होतं ना!"

घोळ इथेच होता. सीरम चांगलंच होतं, रत्नागिरीत ते नुसतं लावूनही चाललं असतं. तिथली हवा बाराही महिने ओलसर. माळव्याला ‘पग पग नीर’ म्हणतात ते जमिनीपुरतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी इंदुरातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, आणि हिवाळ्यात बाहेरची कोरडी थंडी कमी पडते म्हणून की काय, वर एसी किंवा हीटर असतोच.

आधी हे करतं काय ते बघा

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. मी जुलैतल्या एका पावसाळी रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलची ताटली ठेवली, तीत दहा ग्रॅम ग्लिसरीन पसरवलं आणि ताटली खिडकीपाशी ठेवून दिली. सकाळी काटा बारा दाखवत होता. वाढलेले दोन ग्रॅम म्हणजे हवेतलं पाणी. हाच उद्योग एप्रिलमध्ये केला तर काटा हलला नाही. ग्लिसरीन तेच, ताटली तीच. हवेत देण्यासारखं काही असेल तर ते घेतं. नसेल तर नुसतं चिकट होऊन बसतं.

ग्लिसरीनच्या रेणूला पाणी पकडायला तीन हात आहेत असं समजा. रसायनशास्त्रात त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात. या हातांनी ते पाण्याचे रेणू धरून ठेवतं आणि सहजासहजी उडू देत नाही. एवढंच त्याचं काम. स्वतः ते पाणी नाही, आणि तेलही नाही. दिसतं तेलासारखं, म्हणून गल्लत होते. खरी ओळख पटवायची तर एक थेंब पाण्यात टाका: तेल तरंगेल, ग्लिसरीन तळाशी जाऊन विरघळेल.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कागदाहूनही कितीतरी पातळ. तो मऊ राहतो तो त्यातल्या पाण्यामुळे. हे पाणी साधारण दहा टक्क्यांच्या खाली उतरलं की थर कडक होतो, खरखरतो, तडकतो. अमेरिकेतल्या आयर्विन ब्लँक नावाच्या संशोधकाने १९५२ साली हे दाखवून दिलं. कडक कातडीचे वाळलेले तुकडे त्याने तेलात ठेवले, ते तसेच ताठ राहिले. पाण्यात ठेवले तेव्हा मऊ पडले.

मी फार्मसीला असताना हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आजी. आमच्या घरी कोरड्या त्वचेचं एकच औषध होतं, खोबरेल. तेही आंघोळीनंतर तास-दोन तासांनी, पाय पांढरे दिसायला लागले की. म्हणजे पाणी उडून गेल्यावर आम्ही झाकण लावत होतो. तेल हे झाकण आहे, आतलं पाणी नव्हे. आजीचा पदार्थ बरोबर होता, वेळ तेवढी चुकत होती.

आपलं शरीरही थोडं ग्लिसरीन स्वतः तयार करतं. तैलग्रंथींतून जो स्निग्ध पदार्थ बाहेर येतो तो त्वचेवर फुटतो आणि त्यातून ग्लिसरीन सुटतं. शिवाय पेशींच्या भिंतीत पाण्याची बारीक दारं असतात, अ‍ॅक्वापोरिन म्हणतात त्यांना. ती शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्र यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्वचेतल्या त्या दारांचा एक प्रकार पाण्याबरोबर ग्लिसरीनही आत-बाहेर करतो. तळहात आणि तळपायांना मात्र तैलग्रंथी नसतातच. टाचा आधी का फुटतात याचं एक कारण हे.

विकत घेताना

ग्लिसरीन हा मुळात साबणाचा भाऊ. चरबी किंवा तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र शिजवलं की साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. १७७९ साली स्वीडनमध्ये शील नावाच्या औषध बनवणाऱ्याने ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगाबरोबर (म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर) तापवलं तेव्हा त्याला हा गोड द्रव मिळाला. आमच्याच धंद्यातला माणूस, म्हणून मला त्याचं कौतुक. नाव नंतर, १८११ मध्ये, शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिलं, ग्रीकमधल्या ‘गोड’ या अर्थाच्या शब्दावरून.

पण या गोडपणातच धोका आहे. डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं एक औद्योगिक रसायन असंच पारदर्शक, असंच दाटसर, असंच गोड असतं, आणि मूत्रपिंडं निकामी करतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याची भेसळ असलेलं ग्लिसरीन पोटात दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. आपण ग्लिसरीन पिणार नसलो, तरी बाटली घरात असते आणि घरात लहान मुलंही असतात. म्हणून दोन गोष्टी पाळा. लेबलवर ‘ग्लिसरीन आयपी’ असं हवं. आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाच्या कसोटीचं. बॅच क्रमांक, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता वाचता यायला हवा. कॅनमधून बाटलीत ओतून देणाऱ्याकडून, मग तो सियागंजाच्या घाऊक बाजारात कितीही स्वस्त देत असेल, चेहऱ्यासाठी ग्लिसरीन घेऊ नका. तसाही किमतीत फरक तो काय पडणार? आयपीची बाटली शंभर रुपयांच्या आत येते आणि हिवाळा काढते.

इंदुरात आणखी एक प्रश्न हमखास येतो: "यात काही प्राण्याचं तर नाही ना?" ग्लिसरीन वनस्पती तेलापासूनही होतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. तयार झाल्यावर दोन्हींत काही फरक उरत नाही. ज्यांना पाळायचं आहे त्यांनी हिरवा ठिपका किंवा ‘वनस्पतीजन्य’ असा उल्लेख बघून घ्यावं. आमच्याकडे जैन गिऱ्हाइकं ठिपका आधी बघतात, भाव नंतर विचारतात.

आणि ते हायल्युरॉनिक?

पूर्ण नाव हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, म्हणून काही जण घाबरतात. भाजण्याबिजण्याशी त्याचा काही संबंध नाही. कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि ‘काच’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं. आपल्या त्वचेत आणि सांध्यांत ते असतंच. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता बहुतेक जिवाणूंकडून आंबवून बनवतात. कोरड्या डोळ्यांसाठी आम्ही जे थेंब विकतो त्यांतल्या कित्येकांत सोडियम हायल्युरोनेट, म्हणजे त्याचंच मीठ असतं.

काम तेच, पाणी धरणं. फरक आकाराचा आहे. ग्लिसरीनचा रेणू चिमुकला, वरच्या थरात शिरतो. हायल्युरॉनिकची लांबलचक साखळी बहुतेक वरच राहते आणि ओलसर पातळ पडदा धरते. म्हणून ते लावल्या लावल्या गुळगुळीत वाटतं आणि चिकटत नाही. चांगला पदार्थ आहे. भाव मात्र पुष्कळदा बाटलीच्या काचेचा आणि ड्रॉपरचा असतो.

माझं ऐका, पुढच्या वेळी सीरम हातात आलं की पुढचं मोठं अक्षर सोडा आणि मागची बारीक यादी वाचा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कुठल्याही क्रमाने. आता त्या यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे टिकवण्यासाठी घातलेलं द्रव्य, आणि ते एक टक्क्यापर्यंतच घालता येतं. म्हणजे त्याच्यानंतर जे काही लिहिलंय ते एक टक्क्याच्या आत. भाडेकरू मुलीच्या बाटलीवर पुढे मोठ्ठं ‘हायल्युरॉनिक’ होतं. मागच्या यादीत पहिलं पाणी, दुसरं ग्लिसरीन, आणि सोडियम हायल्युरोनेट फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली. ती चिडली. "म्हणजे मी एवढे पैसे ग्लिसरीनचे दिले?" बऱ्याच अंशी हो. पण कंपनीने खोटं लिहिलं होतं असंही नाही. हायल्युरॉनिक अगदी थोडं लागतं, एक टक्का घातलं तरी पाण्याची खळ होते.

आधी थोडं, कोपराच्या आत

कोपराच्या आतल्या बाजूला पातळ केलेलं ग्लिसरीन (प्रमाण पुढे दिलंय) रात्री लावा, दोन दिवस थांबा. ग्लिसरीन सोसलं नाही असं फार क्वचित होतं. त्यात मिसळलेल्या गुलाबपाण्यातला सुगंध न सोसणारे त्याहून अधिक भेटतात. पुरळ, लाली, खाज आली तर थांबा.

लावण्याची पद्धत

हा भाग सावकाश वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

निव्वळ ग्लिसरीन चेहऱ्याला लावायचं नाही. लावून बघाच एकदा हातावर: ओल्या त्वचेवर लावताच किंचित ऊब जाणवते, कारण पाण्यात मिसळताना ते उष्णता सोडतं. मग हात चिकट होतो आणि घरातली धूळ त्याच्यावर बसते. त्यापेक्षा वाईट म्हणजे, कोरड्या हवेत कोरड्या त्वचेवर दाट ग्लिसरीन ठेवलं तर बाहेरून त्याला पाणी मिळत नाही. मग जे मिळेल ते खालच्या थरातून घेतं आणि वरून हवा ते उडवून नेते. चेहरा ताणतो तो इथे.

चांगल्या क्रीममध्ये ग्लिसरीन साधारण तीन ते दहा टक्के असतं, हातापायांच्या जाड क्रीममध्ये वीसपर्यंतही. घरी करायचं तर एक चहाचा चमचा ग्लिसरीन आणि नऊ चमचे उकळून गार केलेलं पाणी. पण हे मिश्रण बाटलीत भरून आठवडाभर वापरायची सवय लावून घेऊ नका. त्यात टिकवणारं काही नाही, बुरशी आणि जंतू आनंदाने वाढतात. फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांनी ओतून द्या. मी स्वतः तेवढंही करत नाही. ओल्या तळहातावर दोन थेंब घेते, आणखी थोडं पाणी घालून हात चोळते आणि लावते. बास.

वेळ: आंघोळ झाल्याबरोबर, न्हाणीघरातून बाहेर यायच्या आधी. आरसा अजून धुरकट असतो तेव्हा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपा. त्वचा दमट राहू द्या, पाणी ओघळत नको. त्यावर तळहातातलं ग्लिसरीनपाणी फिरवा. मिनिटभर थांबा, जेमतेम केस झटकायला लागतो तेवढा वेळ. आणि लगेच वरून झाकण. चेहऱ्याला साधं क्रीम, हातापायांना खोबरेल किंवा तिळाचं तेल, टाचांना पेट्रोलियम जेली आणि वरून सुती मोजे. क्रम महत्त्वाचा आहे: पाणी, ग्लिसरीन, झाकण. तेल आधी लावून मग ग्लिसरीन लावलं तर ते वरच्या वर घसरतं.

इथे कुणी म्हणेल, मग नरकचतुर्दशीचं अभ्यंग उलटं कसं? तेल आधी, उटणं मग, ऊन पाणी शेवटी. बरोबर, पण तिथे तेल मर्दनासाठी आणि मळ सुटण्यासाठी असतं, उटण्याने ते बरंचसं निघूनही जातं. दिवाळीच्या दिवशीही आंघोळीनंतर ग्लिसरीन आणि क्रीम लावायला काही हरकत नाही. फराळाचे हात धुऊन, एवढंच.

एसीत बसणाऱ्यांनी दुपारी एकदा हात आणि चेहरा ओला करून हाच क्रम छोट्या प्रमाणात करावा. भाडेकरू मुलीला मी नवीन काही घ्यायला लावलं नाही. तेच सीरम, पण चेहरा ओला असताना, आणि वरून साधं बिनवासाचं क्रीम. पंधरा दिवसांत पापुद्री गेली. सीरम संपल्यावर मात्र ती ग्लिसरीनवर आली.

ऋतूप्रमाणे

जून संपताना पाऊस स्थिरावला की हात आखडता घ्या. पावसाळ्यात चेहऱ्याला ग्लिसरीन बहुतेकांना लागत नाही, नुसता घाम आल्यासारखं वाटतं. थंडीत गराडू, म्हणजे इथला कंद, तळायला लागले की पुन्हा बाटली काढायची, आमच्याकडे हेच पंचांग. थंडीत रात्री एकदा जास्तीचं, टाचांना रोज.

सगळ्यात कोरडे दिवस मात्र होळीनंतरचे, आणि त्यातच इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. राजवाड्यावर जायच्या आधी चेहऱ्याला ग्लिसरीन फासून जाणारे मी पाहिलेत. चिकट त्वचेवर गुलाल असा बसतो की दोन दिवस माणूस गुलाबी. त्या दिवशी सकाळी फक्त तेल, जाड थर, कानामागे आणि केसांतही. ग्लिसरीन संध्याकाळी, रंग उतरवून आंघोळ झाल्यावर.

एवढं करू नका

ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळून लावायचा उपाय घरोघरी चालतो. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात, काळे डाग महिनोन्महिने राहतात. माळव्याच्या उन्हात तर नकोच.

रक्त येणाऱ्या भेगांवर ग्लिसरीन झोंबतं, आधी जखम भरू द्या. मधुमेह असेल तर पायाची भेग ही डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे, आणि बोटांच्या बेचक्यांत ओलं-चिकट काही ठेवायचं नाही. इसब असणाऱ्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि एक खास आमच्या दुकानदारीतलं. पाय बुडवायला पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे आणि लावायला ग्लिसरीन, असं एकाच पिशवीत मागणारी माणसं येतात. मी दोन वेगळ्या पिशव्या देते आणि घरी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायला सांगते. ग्लिसरीन त्या कोरड्या खड्यांवर सांडलं तर थोड्याच वेळात आपोआप पेट घेतं, काडी लावावी लागत नाही. कॉलेजात सरांनी फरशीवर करून दाखवलं होतं. आधी काहीच होत नाही, मग धूर, आणि एकदम जांभळट ज्वाळा. त्या दिवसापासून आमच्या दुकानातही ही दोन समोरासमोरच्या कपाटांत असतात.

मे महिन्यात वरची मुलगी सुट्टीला घरी गेली तेव्हा बाटली बरोबर घेऊन गेली. चौथ्या दिवशी फोन. "काकू, इथे लावलं की नुसतं चिकट चिकट होतंय. खराब झालं का हो?"

"अगं, बाटलीला काही झालेलं नाही. आईच्या कपाटात ठेवून दे, आणि परत येताना विसरू नकोस."